दोन अज्ञात, दोन अटी : समीकरणात किंमत ठेवण्याची पद्धत

ठाणे स्थानकातून धिमी लोकल सुटल्यानंतर सहा मिनिटांनी त्याच दिशेने जलद लोकल सुटली, तर ती धिमीला नेमकी कोठे गाठेल? दोन प्रकारच्या फुलांचे एकूण वजन आणि एकूण किंमत ठाऊक असेल, तर प्रत्येक प्रकारची फुले किती किलो घेतली, हे कसे काढावे? वरवर पाहता या प्रश्नांचा परस्परांशी संबंध नाही. गणिताच्या दृष्टीने मात्र ते एकाच जातीचे आहेत. दोन्हींत दोन गोष्टी अज्ञात आहेत आणि त्या अज्ञातांना बांधणाऱ्या अटीही दोनच आहेत. अशा अटींतून तयार होणाऱ्या समीकरणांच्या जोडीला एकसामयिक रेषीय समीकरणे म्हणतात. ती सोडवण्याच्या अनेक पद्धतींपैकी सर्वांत स्वाभाविक पद्धत म्हणजे एका अज्ञाताची किंमत दुसऱ्याच्या रूपात लिहून ती उरलेल्या समीकरणात ठेवणे.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात या समीकरणांची ओळख नववीत होते. दहावीसाठी २०१८ मध्ये लागू झालेल्या 'गणित भाग १' या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे आहे. त्यामुळे ठाणे, डोंबिवली, कल्याणमधील घराघरांत दहावीच्या वर्षाचा प्रारंभ बहुधा याच विषयाने होतो. पायऱ्या पाठ करून गुण मिळवता येतात. परंतु पद्धतीमागचा विचार समजला नाही, तर शाब्दिक उदाहरण समोर येताच विद्यार्थी अडखळतो.

पद्धतीमागचा विचार

एका समीकरणात दोन अज्ञात असतील, तर त्याची उत्तरे असंख्य असतात. 'दोन संख्यांची बेरीज ५०' एवढेच सांगितले, तर २० व ३० चालतील, ३५ व १५ ही चालतील. मात्र या अटीने एक गोष्ट निश्चित होते. पहिली संख्या कळली की दुसरी आपोआप कळते, कारण ती ५० मधून पहिली वजा केल्याइतकी असते. म्हणजे दुसऱ्या संख्येसाठी स्वतंत्र अक्षराची गरजच उरत नाही. पहिली अट वापरून एक अज्ञात दुसऱ्याच्या भाषेत सांगायचा आणि दुसऱ्या अटीत त्याच्या जागी तेच ठेवायचे, हे या पद्धतीचे सार आहे.

कल्याणच्या फुलबाजारातील खरेदीचे एक कल्पित उदाहरण घेऊ. झेंडू व शेवंती मिळून ५० किलो फुले घेतली. झेंडूचा भाव किलोला ६० रुपये, शेवंतीचा १०० रुपये आणि एकूण बिल ३,६०० रुपये. झेंडू क्ष किलो आणि शेवंती य किलो मानल्यास समीकरणे अशी होतात :

क्ष + य = ५० ... (१)
६०क्ष + १००य = ३६०० ... (२)

समीकरण (१) वरून य = ५० − क्ष. ही किंमत समीकरण (२) मध्ये ठेवू :

६०क्ष + १००(५० − क्ष) = ३६००
६०क्ष + ५००० − १००क्ष = ३६००
४०क्ष = १४००
क्ष = ३५

म्हणून य = ५० − ३५ = १५. झेंडू ३५ किलो, शेवंती १५ किलो. पडताळा पाहू : झेंडूचे २,१०० आणि शेवंतीचे १,५०० मिळून ३,६०० रुपये होतात. दोन्ही अटी पूर्ण झाल्या.

भास्कराचार्यांची युक्ती

या विचाराची मुळे महाराष्ट्राच्या मातीतही सापडतात. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ पूर्ण केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचे दोन भाग विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला होता. तशी नोंद असलेला इ.स. १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला.

भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणत. पुढच्या अज्ञातांना काळा, निळा, पिवळा अशा रंगांची नावे देत. 'बीजगणिता'तील त्यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एक मित्र दुसऱ्याला म्हणतो, तू मला शंभर दिलेस तर माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, तू मला दहा दिलेस तर माझे धन तुझ्या सहापट होईल. तर प्रत्येकाकडे किती धन आहे?

आजच्या पद्धतीने पहिल्याचे धन क्ष व दुसऱ्याचे य मानले, तर क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०) अशी समीकरणे मिळतात. पहिल्यावरून क्ष = २य − ३००. ही किंमत दुसऱ्यात ठेवली की य + १० = ६(२य − ३१०), म्हणजेच ११य = १८७० होते. त्यावरून य = १७० आणि क्ष = ४०.

भास्कराचार्यांनी हे एकाच अज्ञातात सोडवले. पहिल्याचे धन 'दुप्पट यावत्तावत् उणे शंभर' आणि दुसऱ्याचे 'यावत्तावत् अधिक शंभर' असे त्यांनी सुरुवातीलाच मानले. या मांडणीत पहिली अट आधीच पूर्ण होते. मग केवळ दुसरी अट लावायची राहते आणि यावत्तावत् ७० येतो. धन पुन्हा ४० व १७० हेच मिळते. एक अट खर्च करून दोन अज्ञातांचा एक करणे, हीच किंमत ठेवण्याच्या पद्धतीची कल्पना आहे.

रेल्वेचा आलेख

मुंबईतील बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. गाड्या वाढल्या तसा एक प्रश्न सर्वत्र महत्त्वाचा ठरला : कोणती गाडी कोणत्या गाडीला कोठे आणि केव्हा गाठेल? रेल्वेत त्यासाठी आलेख काढण्याची जुनी प्रथा आहे. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानके आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दोन रेघा छेदतात तो बिंदू म्हणजे दोन रेषीय समीकरणांची सामाईक उकल होय.

सुरुवातीचा लोकलचा प्रश्न याच रीतीने सुटतो. ठाणे ते कल्याण अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. हिशेबापुरता धिमीचा सरासरी वेग ताशी ४० आणि जलदचा ताशी ६० किलोमीटर धरू. धिमी सुटल्यापासून क्ष मिनिटांनी ठाण्यापासूनचे अंतर य किलोमीटर असेल, तर धिमीसाठी य = २क्ष/३ आणि सहा मिनिटे उशिरा सुटलेल्या जलदसाठी य = क्ष − ६. यची किंमत ठेवली की २क्ष/३ = क्ष − ६. म्हणून क्ष = १८ आणि य = १२. धिमी सुटल्यानंतर १८ मिनिटांनी, ठाण्यापासून १२ किलोमीटरवर, म्हणजे दिवा ओलांडल्यावर पण डोंबिवली येण्यापूर्वी जलद गाडी तिला गाठते.

दोघींसाठी एकच रूळ असता, तर मागच्या गाडीला पुढे काढण्यासाठी धिमीला आधीच्या स्थानकात बाजूला घ्यावे लागले असते. स्वतंत्र मार्गिकांचे महत्त्व त्यात आहे. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाहतूक वेगळी करण्यासाठी ठाणे-दिवा दरम्यान उभारलेल्या पाचव्या व सहाव्या मार्गिकांचे लोकार्पण फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले.

उत्तर नसेल तर?

दोन्ही गाड्यांचा वेग ताशी ६० किलोमीटरच असेल, तर समीकरणे य = क्ष आणि य = क्ष − ६ अशी होतील. किंमत ठेवल्यावर ० = −६ असे अशक्य विधान उरते. याचा अर्थ आकडेमोड चुकली असा नव्हे; जलद गाडी धिमीला कधीच गाठणार नाही, असा आहे. आलेखावर या रेषा समांतर असतात. उलट क्ष + य = ५० आणि २क्ष + २य = १०० अशी जोडी असेल, तर १०० = १०० उरते. दुसऱ्या अटीने नवे काहीच सांगितलेले नसते, म्हणून उत्तरे असंख्य राहतात.

कोणती पद्धत केव्हा?

एखाद्या समीकरणात क्ष किंवा यचा सहगुणक १ असेल, तेथे किंमत ठेवण्याची पद्धत सोयीची. ७क्ष + ५य = ३१ आणि ४क्ष + ३य = १८ अशा जोडीत मात्र ती अपूर्णांकांत अडकवते. तेथे पहिल्याला ३ ने व दुसऱ्याला ५ ने गुणून वजाबाकी करावी. यचा लोप होऊन क्ष = ३ आणि त्यावरून य = २ मिळते. दहावीतील क्रेमरची पद्धत उत्तर लवकर देते, पण ते का येते हे तिच्यातून चटकन उमगत नाही.

शिवाय किंमत ठेवण्याची पद्धत रेषीय समीकरणांपुरती मर्यादित नाही. क्ष + य = ७ आणि क्ष × य = १२ या जोडीतही य = ७ − क्ष ठेवले की वर्गसमीकरण तयार होते आणि ३ व ४ ही उत्तरे मिळतात.

हमखास होणाऱ्या चुका

१. कंस न घालता किंमत ठेवणे. १००(५० − क्ष) मध्ये १०० ने दोन्ही पदांना गुणावे लागते. कंसाबाहेर वजाचे चिन्ह असेल, तर आतील प्रत्येक चिन्ह बदलते.

२. ज्या समीकरणावरून किंमत काढली त्यातच ती पुन्हा ठेवणे. असे केल्यास ५० = ५० एवढेच हाती लागते.

३. क्ष मिळताच थांबणे. प्रश्न दोन्ही अज्ञातांचा असतो.

४. एकके न जुळवणे. वेग ताशी आणि वेळ मिनिटांत घेतली, तर योग्य रीतीनेही चुकीचे उत्तर येते.

५. पडताळा एकाच समीकरणात घेणे. उत्तर दोन्ही मूळ अटींत बसले, तरच ते बरोबर मानावे. शाब्दिक उदाहरणात समीकरणाची मांडणीच चुकलेली असू शकते, म्हणून तेथे पडताळा प्रश्नातील मूळ वाक्यांशी घ्यावा.