पोलिओची साथ ते आजीचा उंबरा

आजचा एपिसोड पडण्याबद्दल. सर्व्हर पडण्याबद्दल नाही, माणूस पडण्याबद्दल.

नांदेड-लातूरकडं फिजिओथेरपी म्हटलं की घरच्यांना प्लास्टर काढल्यावरचा शेक आठवतो. त्यामागं इतिहास आहे. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली. पाय लुळे पडलेल्या लेकरांना चालतं कोण करणार? म्हणून १९५३ मध्ये केईएम हॉस्पिटलात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. राज्य सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना, तिघांनी मिळून. म्हणजे ही विद्या आपल्याकडं आली तीच दुखणं झाल्यावर.

मग ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, किल्लारी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून गावं झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती अन् माळवद अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली, हजारो जखमी झाली. पुन्हा काम तेच, मोडलेलं सांधायचं.

पडायच्या आधीच काही करता येतं का? हे नीट तपासलं न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी. ८० वर्षांवरच्या २३३ बायका. अर्ध्या जणींच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन पायाची ताकद अन् तोल सांभाळायचे व्यायाम शिकवून आली. वर्षभरात व्यायाम न करणाऱ्या गटात १५२ वेळा पडणं झालं, करणाऱ्या गटात ८८. निकाल १९९७ साली छापून आला. औषध नाही, मशीन नाही. घोट्याला बांधायची वजनं आणि चालणं!

हे चालतं कसं? तोल सांभाळायला शरीराकडं तीन सेन्सर आहेत: डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव. वयानं तिन्ही मंदावतात. (तुमच्या फोनमधला सेन्सर बिघडला तर स्क्रीन नुसती आडवी होते, आजीचं तसं नसतं.) तोल गेला की पाय झटकन पुढं टाकावा लागतो, त्याला मांडीत जोर पाहिजे. तो जोर सत्तरीतही वाढतो, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

माझं मत विचाराल तर आपण प्रेमापोटी घोळ घालतो. "आज्जी, तू उठू नको, मी देतो." दिवसभर खुर्ची, मग पाय आणखी ढिले. उंच उंबरा, ओली न्हाणी, रात्रीचा अंधार हे आहेच.

घरी एक तपासणी करता येते. आजीला खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून, वळून, परत बसायला सांगा. तुम्ही शेजारीच थांबा, मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. व्यायाम कोणते अन् किती, ते त्यांनीच ठरवायचं. सुरुवातीला ओट्याला धरून.