गिरणेची वाळू, अंगणवाडी आणि टरबूज

टरबूज कसं वाढतं, हे नाशिक जिल्ह्यातल्या नदीकाठच्या मुलांना एके काळी वेगळं शिकवावं लागत नसे. पूर ओसरला, गिरणेसारख्या नद्यांच्या पात्रात वाळू उघडी पडली, की काठावरची भोई आणि कहार कुटुंबं तिथे वाडी करायला उतरत. दिवाळीनंतर वाळूत ओल लागेपर्यंत चर खणायचे, तळाशी शेणखत घालायचं, बी टोकायचं आणि थंडीत कोवळ्या रोपांना सुक्या गवताचा आडोसा करायचा. पुढच्या पावसाळ्यात नदी सगळं धुऊन नेणार, हे धरूनच ही शेती चाले.

राखणीच्या खोपटीत पोरंसोरं असत. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण उगीच पडलेली नाही, आणि टरबूज तर काकडीच्याच कुळातलं. कोल्हे हाकता हाकता मुलांचा वेलाशी परिचय होई. वेलावर आधी नुसती नर फुलं येतात, ती गळून पडतात. मादी फूल मागाहून येतं आणि त्याच्या बुडाशी इवलंसं हिरवं बोंड असतं. मधमाशीने नर फुलातले परागकण तिथवर नेले, तरच बोंड फुगतं. नाहीतर पिवळं पडून गळतं. फळ उतरवायचं केव्हा, हा त्यापुढचा धडा. देठाजवळची बाळी सुकली, मातीला टेकलेला पांढरा भाग पिवळसर झाला, टिचकी मारल्यावर ‘टणटण’ऐवजी ‘डबडब’ असा आवाज आला, की फळ तयार. आजही कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत याच खुणा दिलेल्या असतात.

फळ मात्र आपल्याकडचं मूळचं नव्हे. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात त्याच्या बिया सापडल्या. सुदानमधल्या कोर्दोफान भागातलं पांढऱ्या गराचं टरबूज हे आजच्या गोड टरबुजाचं सर्वांत जवळचं नातलग असल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. म्हणजे गिरणेच्या वाळूत रुळलेला हा वेल मुळात आफ्रिकेचा.

शाळेला या साऱ्याची दखल घ्यायला बराच वेळ लागला. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या उद्योगातून शिक्षण, ही कल्पना मांडली आणि मुंबई इलाख्यात मूलोद्योगाच्या शाळा निघू लागल्या. कागदावर शेती, बागकाम हेही मूलोद्योगच होते. वर्गात मात्र टकळीच जास्त फिरली. टकळी स्वस्त आणि खोलीत मावणारी. शेतीला जमीन हवी, पाणी हवं. शिवाय या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीची योजना सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी होती. त्याहून लहान मुलं, म्हणजे ज्यांना बी पेरून रोज उकरून बघायची खाज असते नेमकी तीच, या आराखड्याबाहेर राहिली.

त्यांची बाजू घेतली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीने १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. अनुताईंच्या शिक्षकीची सुरुवात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागातली. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, तेव्हा दोघी एकत्र आल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. त्याच टेकडीवर नाशिकच्या गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्थाही उभी राहिली. एका बाजूला बालवाडी, दुसऱ्या बाजूला शेतीशाळा, असा शेजार क्वचितच जुळतो.

माँटेसरीची साधनं महाग, म्हणून ताराबाईंनी शिंपले, खडे, बिया, पानं हाताशी घेतली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. राखणीवरचं पोर वाया गेलेलं नसतं, त्याला पुष्कळ काही ठाऊक असतं, हे मान्य केल्याशिवाय कुरणशाळा सुचतच नाही. या दोघींचं सर्वांत मोठं काम हेच म्हणावं लागेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

दरम्यान नदी बदलत होती. कळवण तालुक्यात गिरणेवर चणकापूर धरण १९११ च्या सुमारास झालं होतं. १९६५ मध्ये गोदावरीवर गंगापूर आणि १९६९ मध्ये गिरणा धरण पूर्ण झालं. पुढे वाळूचा उपसा वाढला. पात्रातली वाडी आक्रसत गेली. राज्यात ठिकठिकाणी धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेऱ्याच्या जमिनीत टरबूज-खरबूज आलं. आता बहुतेक पीक काठावरच्या शेतात असतं: गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, खाली ठिबकची नळी, रोपवाटिकेतून ट्रेमध्ये आणलेली संकरित रोपं. उत्पादन वाढलं, याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. पण नाशिक शहरातल्या मुलाला टरबूज आता हातगाडीवर, कापलेलंच भेटतं. पोटात बी गेलं तर वेल उगवतो ही भीती तेवढी सगळीकडे टिकून आहे!

आज कित्येक अंगणवाड्या आणि जिल्हा परिषद शाळांत परसबागा आहेत. तिथे मेथी, पालक, वांगी, टोमॅटो दिसतात, कारण भाजी पोषण आहारात जाते. टरबुजाला जागा कमीच मिळते, आणि ती मिळायला हवी. बी चार वर्षांच्या मुलाच्या चिमटीत सहज मावतं. ऊब असली तर आठवडाभरात उगवतं. नर-मादी फुलं भिंगाशिवाय ओळखता येतात. पेरणीपासून तोडणीपर्यंत सुमारे ऐंशी ते नव्वद दिवस लागतात आणि शाळेचं वर्ष एप्रिलअखेर आटोपतं. म्हणून संक्रांत झाली, की लगेच पेरायला हवं.

अंगणवाडीताईंनी एवढं करावं: बी ‘शुगर बेबी’सारख्या सरळ वाणाचं घ्यावं, म्हणजे मुलांनी जपून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी बहुधा तसंच फळ देईल, संकरित फळाच्या बियांचा तसा भरवसा नसतो. वेलाला दोन-तीन मीटर मोकळी जागा सोडावी. फुलं आली, की सकाळी मुलांना मधमाश्या बघायला बसवावं आणि त्या दिवसांत फवारणी करू नये. फळ कधी तोडायचं, ते टिचकी मारून मुलांनाच ठरवू द्यावं.