पडद्याची लुकलुक

शाळेसाठी नवे संगणक घ्यायचे ठरले की खरेदी समितीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. डोळ्यांना त्रास न देणारा मॉनिटर कोणता? विक्रेत्याकडे उत्तर तयार असते. एके काळी ते 'रेडिएशन कमी' असे होते, नंतर 'इतके इतके हर्ट्‌झ' असे झाले, आणि हल्ली 'निळा प्रकाश गाळणारा' असे आहे. उत्तरे बदलत गेली, तक्रार मात्र तीच राहिली. डोळे चुरचुरतात, कपाळ दुखते, ओळी हलल्यासारख्या वाटतात. या तक्रारीकडे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कोणी कसे पाहिले, हे तपासले तर विक्रेत्याला नेमके काय विचारावे याचा अंदाज येतो.

सुरुवात जुन्या काचेच्या नळीपासून करावी लागेल. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये कॅथोड किरण नलिका बनवली. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत काचेच्या आतल्या बाजूस लावलेल्या फॉस्फरवर आदळला की तेवढा ठिपका चमकतो. पुढे दूरचित्रवाणीत हाच झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा सगळ्या पडद्यावरून फिरवला गेला. म्हणजे आपण जिला 'चित्र' म्हणतो ती वस्तुतः एकच धावता ठिपका असतो. तो पुन्हा त्याच जागी येईपर्यंत आधीचा उजेड जवळजवळ विझलेला असतो. असा पडदा युरोपात आणि भारतात सेकंदाला ५० वेळा, तर अमेरिकेत ६० वेळा उजळे.

लुकलुक दिसेनाशी होण्यासाठी सेकंदाला किती झपके लागतात? याचे एकच उत्तर नाही. फेरी यांनी १८९२ मध्ये आणि पोर्टर यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले की प्रकाश जितका प्रखर, तितकी ही मर्यादा वर सरकते. फिल्मच्या काळात सिनेमागृहात सेकंदाला २४ चित्रे सरकत, पण प्रक्षेपकातील झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवे. तेव्हा ४८ किंवा ७२ झपके होत, आणि अंधाऱ्या सभागृहातील मंद पडद्याला ४८ सुद्धा पुरत. हातभर अंतरावरच्या उजळ पडद्याला ते पुरत नाहीत. शिवाय दृष्टिपटलाचा कडेचा भाग मध्यापेक्षा लुकलुक अधिक सहज टिपतो. जुना मॉनिटर कुठे अडगळीत चालू स्थितीत असेल तर विद्यार्थ्यांना त्याच्यासमोर उभे करून छताकडे पाहायला सांगावे. सरळ पाहताना स्थिर वाटणारा पडदा नजरेच्या कडेला थरथरताना दिसेल.

१९८१ साली आयबीएमचा पहिला व्यक्तिगत संगणक आला, तेव्हा त्याच्या एकरंगी मॉनिटरवर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे उमटत. पडदा सेकंदाला ५० वेळाच रंगवला जाई, पण त्यातला हिरवा फॉस्फर मुद्दाम सावकाश विझणारा निवडला होता. दोन फेऱ्यांमधला अंधार त्यामुळे भरून निघे. किंमत एवढीच, की मजकूर वर सरकवला की मागे हिरवे शेपूट रेंगाळे. सगळा पडदा काळा आणि अक्षरे तेवढी उजळ असल्याने एकूण प्रकाशही कमीच असे. हिरव्या पडद्याची आज थट्टा होते, पण त्याच्या रचनेत डोळ्यांचा विचार बराच होता.

मग कागदाची नक्कल करण्याची कल्पना आली. झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील १९७३ च्या 'आल्टो' यंत्रावर आणि १९८४ च्या मॅकिन्टॉशवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे होती. १९९० नंतर विंडोजमुळे पांढरा पडदा घरोघरी पोचला. वाचायला तो सोपा, यात शंका नाही. पण पांढरा पडदा म्हणजे भरपूर उजेड, आणि फेरी-पोर्टर नियमाप्रमाणे भरपूर उजेड म्हणजे अधिक लुकलुक. १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत सर्वांत बारीक चित्रांसाठी ६० हर्ट्‌झच होते. त्याच वर्षी आयबीएमने १०२४ × ७६८ ठिपक्यांचा पडदा काढला, तो आधी विषम ओळी आणि मग सम ओळी अशा दोन हप्त्यांत रंगवला जाई. पूर्ण चित्र सेकंदाला जेमतेम ४३ वेळा पुरे होई. त्यावरची बारीक आडवी रेघ अक्षरशः नाचताना दिसे.

इथे एक कबुली देतो. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात असे पांढरे, ६० हर्ट्‌झचे पडदे होते. नववीतली एक मुलगी दर तासाला अर्ध्यावर 'सर, डोकं दुखतंय' म्हणे. शेजारची मुले तेच पडदे पाहून खुशाल बसत, म्हणून मी ते अभ्यास टाळण्याचे निमित्त समजलो आणि तसे वर्गात बोलूनही दाखवले. लुकलुक ओळखण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते, हे मी वाचले ते तिने शाळा सोडल्यानंतर.

तक्रार खरी, पण तिचे कारण भलतीकडेच शोधायचे, हा प्रकार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतही घडला. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातील दोन तरुण संपादकांना मोतीबिंदू झाला आणि संशय नव्या संगणक पडद्यांवर आला. १९८० च्या सुमारास टोरांटोच्या एका वृत्तपत्रात जाहिरात विभागात पडद्यासमोर काम करणाऱ्या सात गर्भवती स्त्रियांपैकी चौघींची बाळे व्यंग घेऊन जन्मली. बातमी जगभर पसरली, आणि पसरणे साहजिकच होते. ज्या बायका दिवसभर त्या पडद्यासमोर बसत, त्यांना 'घाबरू नका' एवढे सांगून कसे भागणार? मोजमापे झाली. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने निष्कर्ष काढला की पडद्यातून येणारे प्रारण घातक मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे. डोळ्यांच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांचे मूळ वाईट प्रकाशयोजना, परावर्तन, बैठक आणि कामाची आखणी यांत शोधावे, असेही समितीचे म्हणणे होते.

गर्भपाताच्या शंकेचे उत्तर १९९१ मध्ये मिळाले. तो अभ्यास शिक्षकांनी वर्गात सांगावा इतका नीट रचलेला आहे. संशोधकांनी टेलिफोन खात्यातल्या दोन प्रकारच्या स्त्री कर्मचारी निवडल्या. काम सारखे, बसणे सारखे. एका गटासमोर कॅथोड नलिकेचे पडदे, दुसऱ्यासमोर छोट्या दिव्यांचे अंकदर्शक. २४३० स्त्रियांच्या मुलाखतींतून ८८२ गर्भधारणांची माहिती जुळली. पडद्यासमोर बसणाऱ्यांत गर्भपाताचे प्रमाण १४.८ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १५.९ टक्के. पडद्याने धोका वाढल्याचे दिसले नाही.

पण तोवर बाजार उभा राहिला होता. आपल्याकडेही मॉनिटरला पुढून अडकवायची काच मिळे. तिची एक वायर मागच्या बाजूने अर्थिंगला जोडायची. 'रेडिएशन थांबवते' म्हणून ती विकली जाई. प्रत्यक्षात तिचा उपयोग खिडकीचे प्रतिबिंब कमी करण्यापुरता होता, आणि धूळ बसली की तोही नाही. स्वीडनमध्ये याहून शहाणा मार्ग निघाला. तिथल्या सरकारी मापन संस्थेने १९८७ आणि १९९० मध्ये एमपीआर ही मानके आणली. त्यांत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे किती असावीत ते ठरले. पाठोपाठ टीसीओ या कर्मचारी संघटनांच्या महासंघाने १९९२ पासून स्वतःची मोहोर काढली. कामगारांनी यंत्राची परीक्षा घ्यावी आणि कारखानदारांनी त्या मोहोरेसाठी धडपडावे, हे दृश्य दुर्मिळच. पुढे १९९९ च्या टीसीओ मानकाने कॅथोड पडद्याला किमान ८५ हर्ट्‌झची अट घातली. प्रारणाच्या भीतीतून सुरू झालेली चळवळ अशा रीतीने लुकलुकीच्या मूळ मुद्द्यावर आली.

मधल्या काळातला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्को परिसरात केलेली ही पाहणी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. पडद्यासमोर बसणाऱ्या कारकुनांच्या तक्रारी त्याच प्रकारचे पडदे वापरणाऱ्या पत्रकारांसारख्या व्यावसायिकांपेक्षा पुष्कळ अधिक निघाल्या. पत्रकार हवे तेव्हा उठू शकत होता, कारकुनाला ठरलेला वेग गाठायचा होता. पडदा बदलून हा फरक जाणार नव्हता.

आता लुकलुकीकडे परत येऊ. जी दिसत नाही ती लुकलुक त्रास देते का? साधा चोक लावलेली ट्यूबलाइट ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, आणि आपल्याला ती स्थिर वाटते. १९८९ मध्ये ब्रिटनमधील आर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयात साधे चोक आणि सेकंदाला हजारो वेळा चालणारे इलेक्ट्रॉनिक चोक आलटून पालटून वापरले. कोणता कधी चालू आहे हे कर्मचाऱ्यांना सांगितले नव्हते. इलेक्ट्रॉनिक चोकच्या काळात डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण यांचे सरासरी प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९१ मधल्या मोजणीत असेही दिसले की डोळ्याला स्थिर वाटणाऱ्या प्रकाशालाही दृष्टिपटल त्याच तालात विद्युत प्रतिसाद देत असते. म्हणजे डोळ्याला चढउतार कळतो, फक्त आपल्याला त्याची जाणीव होत नाही.

या दोन प्रयोगांचे महत्त्व पुढे सपाट पडद्यांच्या काळात कळले. द्रवस्फटिकाच्या पडद्यात झोत फिरत नाही. ठिपका एकदा उघडला की बदल येईपर्यंत तसाच राहतो. म्हणून ६० हर्ट्‌झचा एलसीडी ६० हर्ट्‌झच्या जुन्या मॉनिटरसारखा लुकलुकत नाही. दुकानात मात्र जुन्या सवयीने हर्ट्‌झचा आकडा बघणारे आजही भेटतात. त्या आकड्याचा संबंध आता हालचालीच्या गुळगुळीतपणाशी आहे. लुकलुक शिरली ती मागच्या दाराने, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यातून. पूर्वी तिथे बारीक ट्यूब असे, नंतर एलईडी आले. एलईडीचा उजेड कमी करण्याची स्वस्त युक्ती म्हणजे तो वेगाने बंद-चालू करणे आणि बंद राहण्याचा काळ वाढवणे. ट्यूबमधला फॉस्फर क्षणभर तेवत राही, एलईडी मात्र चटकन विझतो. कित्येक पडद्यांत ही उघडझाप सेकंदाला २०० ते २४० वेळा होत असे.

यामुळे जुना सल्ला उलटा झाला. कॅथोड पडद्याचा उजेड कमी केला की लुकलुक घटे. अशा एलईडी पडद्याचा उजेड कमी केला की अंधाराचे तुकडे लांबतात आणि चढउतार वाढतो. संध्याकाळी डोळ्यांना आराम म्हणून आपण बटण खाली करतो आणि नेमका त्रास वाढवतो. २०१५ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने एलईडीसाठी मार्गदर्शक आकडे दिले. पूर्ण उघडझाप असेल तर १२५० हर्ट्‌झच्या वर जोखीम कमी आणि ३००० च्या वर काळजीचे कारण नाही, असा त्याचा सारांश. दिवा बंद-चालू न करता त्यातला प्रवाहच कमी करणे हा त्याहून सरळ उपाय. असे पडदे आता मिळतात, फक्त ते विचारून घ्यावे लागतात.

विचारण्यापेक्षा तपासणे बरे. खोलीतील इतर दिवे मालवा, पडदा पांढरा करा, उजेड अगदी कमी ठेवा आणि त्याच्यापुढे पेन्सिल पंख्यासारखी भरभर हलवा. प्रकाश स्थिर असेल तर सलग धूसर पट्टा दिसेल. उघडझाप असेल तर अनेक सुट्या पेन्सिली दिसतील. पेन्सिलीचे टोक सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल आणि वारंवारता २४० असेल, तर दोन प्रतिमांमधले अंतर सुमारे ८ मिलिमीटर येते. अंतर मोजून वारंवारता काढायला सांगितले तर दहावीच्या मुलांना ते जमते. ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीवर उडी मारताना डोळाही त्या पेन्सिलीसारखाच वेगाने फिरत असतो.

निळ्या प्रकाशाबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये कोक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्याने संगणकावरील कामाचा डोळ्यांचा ताण कमी होतो, असे निदान अल्पकाळात तरी आढळले नाही. १९९० च्या दशकातल्या त्या वायरवाल्या काचेची आठवण होते ती इथे.

आणि चुरचुरीचे काय? १९९३ मध्ये जपानमधील त्सुबोता आणि नाकामोरी यांनी माणसे पापणी किती वेळा मिटतात ते मोजले. निवांत बसल्यावर मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १०, पडद्यासमोर ७. शिवाय पुस्तक खाली असल्याने पापणी अर्धी झुकलेली असते. उघडा राहणारा डोळ्याचा पृष्ठभाग पुस्तक वाचताना सरासरी १.२ चौरस सेंटिमीटर भरला, समोर धरलेल्या पडद्याकडे पाहताना २.३. डोळा जवळपास दुप्पट उघडा आणि पापणी कमी वेळा मिटणारी, मग अश्रूंचा थर वाळायला कितीसा वेळ? आमच्या संगणक कक्षात तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आडव्या सीपीयूवर मॉनिटर ठेवलेले होते, म्हणजे नववीच्या मुलांना मान वर करूनच पाहावे लागे. हे वाचल्यावर एका शनिवारी आम्ही दोघा-तिघांनी ते सगळे खाली टेबलावर उतरवले. केबल पुरेनात, म्हणून तीन तेवढे वरच राहिले.