टाळूची शिवण आणि चेहऱ्याची वाढ

ओठ व टाळू जन्मतःच दुभंगलेले मूल घरात आले, की त्याचा दोष आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ग्रहणाच्या माथी मारला गेला. परंतु त्या व्यंगावर यशस्वी इलाज झाल्यानंतरही, ऐन पौगंडावस्थेत त्याच मुलाचा वरचा जबडा खुंटून चेहऱ्याचा मध्यभाग आत बसलेला का दिसतो, या प्रश्नाचा निवाडा पाश्चात्त्य शल्यशास्त्रालाही दीर्घकाळ करता आला नव्हता.

1861 साली बर्लिनच्या बेर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांनी टाळूचे अस्तर हाडावरच्या वेष्टनासकट सोडवून, दोन्हीकडचे पदर मध्यरेषेशी आणून शिवण्याची रीत सांगितली. अन्न नाकात चढेनासे झाले, मुलाच्या बोलण्याला स्पष्टता येऊ लागली, आणि हा उपकार लहान म्हणता येणार नाही. मात्र पदर सरकल्यामुळे बाजूला उघडे पडलेले हाड व्रणाने भरून येते, तो व्रण आकसतो, आणि खालचा जबडा आपल्या गतीने वाढत असता वरच्या जबड्याला तो जागच्या जागी बांधून ठेवतो. हे नुकसान दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि शल्यवैद्याच्या दप्तरातील नोंद तर टाके निघाले की संपत असे. शिकागोच्या ट्रूमन ब्रॉफी यांनी काही आठवड्यांच्या अर्भकांच्या जबड्याचे दोन भाग तारांनी आवळून जवळ आणण्याचा जो प्रघात पाडला, त्याचे दुष्परिणामही असेच उशिरा उघडकीस आले.

1931 साली क्लीव्हलंडच्या ब्रॉडबेंट यांनी डोके एकाच स्थितीत धरून क्ष-किरण चित्र घेण्याचे उपकरण सिद्ध केल्यावर चेहऱ्याच्या वाढीची खरी मोजदाद शक्य झाली, आणि 1949 मध्ये ग्रेबर यांनी अशा मोजमापांच्या आधारे लहान वयातील शस्त्रक्रियेविरुद्ध इशारा दिला. जर्मनीत मारबुर्गच्या श्वेकेनडीक यांनी मृदू टाळू लवकर शिवून कठीण टाळूचे छिद्र मूल बारा-चौदा वर्षांचे होईपर्यंत उघडे ठेवण्याचा मार्ग धरला. चेहरे चांगले वाढले, परंतु वाणीची जबर किंमत मोजावी लागली.

तरीही हे खुंटणे व्यंगासोबत जन्मतःच आलेले, की शस्त्राने लादलेले, ही शंका फिटली नव्हती. तिचे उत्तर देऊ शकणारी माणसे एकच होती: ज्यांच्यापर्यंत इलाज कधी पोहोचलाच नाही अशी. 1959 मध्ये मेक्सिकोच्या ओर्तिस-मोनास्तेरिओ यांनी अशा प्रौढांची मापे प्रसिद्ध केली. पुढे लंडनचे दंतवैद्य मायकेल मार्स श्रीलंकेतील गॉल परिसरात गेले आणि विल्यम ह्यूस्टन यांच्यासह त्यांनी 1990 मध्ये, शस्त्रक्रिया न झालेल्या तेरा वर्षांवरील पुरुषांचा अभ्यास मांडला. त्यांचा वरचा जबडा मुळात सर्वसाधारण वाढू शकत होता. वैद्यकाने ज्यांना वाऱ्यावर सोडले होते, त्यांच्याच चेहऱ्यांनी ही साक्ष द्यावी, हे मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक सत्य वाटते.

त्या श्रीलंकेतील रुग्णांच्या टाळूही पुढे शिवल्या गेल्या. परंतु वाणी घडण्याचे वय उलटून गेले होते. टाळू मिटली तरी पुष्कळांचे उच्चार फारसे सुधारले नाहीत. म्हणूनच, जबड्याच्या वाढीला धोका आहे हे पक्के ठाऊक असूनही, बहुतेक ठिकाणी टाळू आजही वर्ष-दीड वर्षाच्या आतबाहेरच शिवतात, आणि ज्यांचा जबडा मागे राहतो त्यांचा तो, वाढ पूर्ण झाल्यावर, हाड कापून पुढे आणतात.