डबल स्टँडच्या नोकऱ्या

आजकाल बऱ्याच मोटरसायकली शोरूममधून फक्त साइड स्टँड घेऊन बाहेर पडतात. डबल स्टँड हवा? वेगळे पैसे मोजा. "कंपन्या खर्च वाचवतात, दुसरं काय!" असं सगळेच म्हणतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. माझ्या मते डबल स्टँडच्या नोकऱ्याच एकेक करून गेल्या.

पहिली नोकरी तर आज कुणाला आठवतही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कित्येक मोटरसायकलींना ना क्लच, ना किक. गाडी ढकलत पळायचं आणि इंजिन फुरफुरलं की टुणकन उडी मारून बसायचं! पुढे काही गाड्यांच्या मागच्या चाकातच क्लच आला. मग मागचा स्टँड लावून चाक अधांतरी करायचं, सायकलसारखं पॅडल मारून इंजिन सुरू करायचं आणि क्लच दाबून गाडी खाली उतरवायची. म्हणजे स्टँड गाडी उभी करायला जितका, तितकाच ती सुरू करायला! हळूहळू किक आली. 1915 च्या ट्रायंफ मॉडेल एचला तर पॅडलच नव्हतं. गेली पहिली नोकरी.

दुसरी नोकरी पंक्चरची. बुलेट, राजदूत, येझदी या सगळ्या ट्यूबवाल्या. मागचं चाक पंक्चर झालं की ते खोलल्याशिवाय सुटका नाही, आणि गाडी उचलून धरल्याशिवाय चाक निघत नाही. तोवर स्टँड मागच्या चाकाकडून सरकून इंजिनाखाली आला होता. यात गंमत अशी, की गाडी हाताने उचलावी लागत नाही. स्टँडच्या दांड्यावर पाय देऊन उभं राहिलं की आपलंच वजन तरफेसारखं काम करतं. ट्यूबलेस टायर आले आणि चाक न काढता खिळा उपटून पट्टी भरता येऊ लागली. दुसरी नोकरीही गेली. त्यातच 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. धूर साफ करणाऱ्या डब्याने अनेक गाड्यांच्या पोटाखालची जागा अडवली.

उरली चेन. दर पाचशे-सातशे किलोमीटरला ती पुसून तेल द्यायचं, तर मागचं चाक हाताने फिरायला हवं. एवढ्यासाठीच मी गेल्या रविवारी घरी डबल स्टँड बसवला. पिन आणि बोल्टचं काम दहा मिनिटांचं. खरी झुंज स्प्रिंगशी. ती ओढायला जाल तर बोटं जातील. त्यापेक्षा स्प्रिंग एका बाजूला वाकवून वेढ्यांच्या फटीत नाणी सारत जायचं, मग दुसऱ्या बाजूला. स्प्रिंग आपोआप लांब होते, आकड्यात अडकते, आणि स्टँड खाली ओढला की नाणी खळखळ गळून पडतात. पैसे परत! (चष्मा मात्र घाला.)

आणखी एक गोष्ट. साइड स्टँड वर करायला विसरलं तरी गाडी निघते आणि डावीकडे वळताना तोच स्टँड जमिनीला अडकून माणूस पडतो. म्हणून आता सेन्सर लावून इंजिन बंद पाडतात. डबल स्टँडवरची गाडी स्टँड काढल्याशिवाय पुढे जातच नाही. एकही वायर नाही, एक ओळ कोड नाही. रोज कोडमधल्या चुका शोधणाऱ्या माझ्यासारख्याला याचा हेवा वाटतो.

असो. डबल स्टँड गेल्याचं मला फारसं दुःख नाही. पण गाडी त्यावर चढवली की माणूस आपसूक खाली बसून चाकाकडे बघायचा; सैल चेन, झिजलेला टायर, गळणारं तेल दिसायचं. ही नोकरी कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नव्हती, आणि ती घ्यायला अजून दुसरं कुणी आलेलं नाही.