कान्ह्याहून रानडेपर्यंत

पुणे-लोणावळा लोकल कान्ह्याला थांबते ती जेमतेम. वडगाव आणि कामशेत यांच्या मधले हे लहानसे स्टेशन. दुधाच्या किटल्या, कारखान्यातले कामगार आणि कॉलेजची मुले यांच्यात एखाददुसरा पत्रकारितेचा विद्यार्थीही असतो. तो शिवाजीनगरला उतरतो आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटपर्यंत चालत जातो. आमच्यापैकी काहींनी ही वाट तुडवली आहे. ही लोकल १९७८ साली सुरू झाली. त्याआधी मावळातून रोज जाऊन-येऊन शिकणे अवघडच होते. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे विद्यापीठांचे ठराव पाहतात, रेल्वेचे वेळापत्रक कोणी पाहत नाही.

घरात मात्र एकच प्रश्न असायचा. अब्बा विचारायचे, ‘बातम्या लिहायला कॉलेज कशाला लागतं?’ प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले, त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी पत्रकार तयार झाला तो उमेदवारीतून. मुद्रिते तपासायची, तारांचे भाषांतर करायचे, संपादकाची बोलणी खायची आणि वर्षा-दोन वर्षांनी उपसंपादक व्हायचे. शिक्षण चांगलेच होते ते. पण उमेदवारीला ओळख लागते. कोणाचा भाचा, कोणाचा विद्यार्थी, कोणाच्या आळीतला मुलगा अशी ती साखळी असे. आमच्या वस्तीतल्या मुलाची छापखान्यात ओळख असलीच, तर ती बाइंडिंग करणाऱ्या मामूंची.

अपवाद होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकार होते. त्यांच्या मतांवरून आपल्यात आजही वाद होतात, ते तूर्त बाजूला ठेवू. मुद्दा इतकाच, की मराठी दैनिकात बातमी लिहिणारा मुसलमान म्हणून नाव सांगायचे तर आपल्याला त्यांच्यापाशीच थांबावे लागते, आणि यादी तिथून फार लांबत नाही. उर्दूत चित्र वेगळे होते. ‘दिल्ली उर्दू अखबार’चे मौलवी मुहम्मद बाकर यांना १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ठार केले. आझादांचे ‘अल-हिलाल’ १९१२ चे, मुंबईचे ‘इन्किलाब’ १९३८ चे. वारसा मोठा, पण तो लिपीच्या पलीकडच्या काठावर राहिला. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांपर्यंत तो ऐकीवच पोहोचला.

पत्रकारिता विद्यापीठात शिकवावी हा विचार अमेरिकेतला. मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये आणि कोलंबियाने १९१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विद्यालय काढले. कोलंबियातच शिकून आलेल्या ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला आणि खेड्यापाड्यांतल्या वार्ताहरांचे जाळे विणले. मावळातल्या बातमीला पुण्यात जागा मिळू लागली ती त्या काळात.

आता एक गोष्ट, जी आम्हाला वर्गात कोणी सांगितली नाही. हिंदुस्थानात पत्रकारितेची पदविका सर्वप्रथम सुरू झाली ती अलिगढला, १९३८ साली. सर शाह मुहम्मद सुलेमान यांनी मुस्लिम विद्यापीठात ती आणली आणि शिकवण्याचे काम रहम अली अल-हाश्मी यांच्याकडे सोपवले. दोनेक वर्षांतच तो वर्ग बंद पडला. पुढे लाहोरला पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ मध्ये विभाग उभा केला आणि तो टिकला. फाळणीनंतर तो दिल्लीत आणि मग चंदीगढला गेला. म्हणून बहुतेक पुस्तके लाहोरपासून सुरुवात करतात आणि अलिगढ एका ओळीत उरकतात. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये हा विषय आला, पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये. पुण्याचा हा विभाग म्हणजेच ‘रानडे’.

रानडेच्या पदवीने आम्हाला काय दिले? लेखनाचे कसब आम्ही पुढे नोकरीतच शिकलो, हे कबूल. पण उमेदवारीला ओळख लागत होती, इथे प्रवेशपरीक्षा होती. यादीत नाव लागले की लागले, आडनाव काही का असेना. अब्बांच्या प्रश्नाचे आमच्याकडे एवढेच उत्तर होते.

नोकरीत आडनाव परत भेटले. आमच्यातल्या एकाला एका दैनिकात ईद, मोहरम आणि ‘समाजाची प्रतिक्रिया’ एवढेच काम मिळे. महापालिकेची बातमी मागितली, तर ‘तुमचे संपर्क तिकडे आहेत ना’ असे गोड बोलून टाळत. दुसरा तालुका वार्ताहर झाला. हे पद बाहेरून रुबाबदार. आतून पाहिले तर छापून आलेल्या मजकुरावर मानधन, आणि दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करण्याचा कोटा. पण ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला पवना जलवाहिनीच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले, तेव्हा द्रुतगती मार्गावर वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. कोणते गाव कुठे आणि कोणाची जमीन किती, हे सांगायला सगळ्यांना तालुक्याचा माणूसच लागला.

बाकीच्या वाटाही आहेत. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ आल्यावर मराठी वाहिन्यांत जागा निघाल्या. शासनाच्या माहिती खात्यात पत्रकारितेची पदवी उपयोगी पडते, त्या खात्याचे ‘लोकराज्य’ उर्दूतही निघत आले आहे, म्हणजे दोन्ही भाषा येणाऱ्याला तिथे काम असायला हवे. आकाशवाणी, जाहिरात, जनसंपर्क, भाषांतर हेही आहेच. आमच्या मुली बहुतेक भाषांतराकडे वळल्या, कारण ते घरी बसून होते. हे कारण आम्हाला पटत नाही, पण रात्रपाळी संपवून शेवटच्या लोकलने कान्ह्याला उतरणाऱ्या मुलीला न्यायला कोण येणार, याचेही उत्तर आमच्यापाशी नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये रानडेचा विभाग विद्यापीठाच्या आवारातल्या दुसऱ्या विभागात विलीन करण्याची चाल झाली. आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर आले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. इमारतीच्या आठवणींवर पुष्कळ लिहिले गेले. आम्ही मात्र अंतर मोजत होतो. शिवाजीनगरहून रानडे चालत गाठता येते. गणेशखिंडीला जायचे तर पुढे बस, आणि बस चुकली की पहिला तास गेला. मावळातल्या पोराचा हिशेब असा मिनिटांचा आणि पासाच्या पैशांचा असतो.