फरार आरोपी आणि कायदा : १८८१ ते २०१८ – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

आरोपी देशाची सीमा ओलांडून गेला की तेथील न्यायालयाचा हुकूम सीमेवरच थांबतो. ही अडचण दूर करण्यासाठी निरनिराळ्या काळांत निरनिराळे कायदे करण्यात आले. त्यांपैकी दोन महत्त्वाच्या कायद्यांचा संबंध मुंबईशी आहे. त्यांचा तुलनात्मक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वसाहतकालीन कायदा :

ब्रिटिश संसदेने १८८१ मध्ये फरारी गुन्हेगार कायदा केला. साम्राज्याच्या एका भागातील आरोपी दुसऱ्या भागात सापडल्यास त्याला परत पाठविण्याची तरतूद त्यात होती. परराष्ट्रांशी संबंधित १८७० च्या प्रत्यर्पण कायद्यात राजकीय गुन्ह्यांचा अपवाद होता. १८८१ च्या कायद्यात तो नव्हता. या फरकाचे गांभीर्य विनायक दामोदर सावरकर यांच्या खटल्यात दिसून आले.

मुंबई सरकारच्या वॉरंटवरून सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडन येथे अटक झाली. त्यांना 'मोरिया' बोटीने हिंदुस्थानात आणले जात असताना ८ जुलै रोजी त्यांनी मार्सेल्स बंदरात समुद्रात उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. फ्रान्सने हरकत घेतल्यावर हे प्रकरण हेग येथील लवादाकडे गेले. सावरकरांना पकडून स्वाधीन करण्यात अनियमितता झाली, तथापि त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निर्णय लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिला. तत्पूर्वीच, २३ डिसेंबर १९१० रोजी, मुंबईतील विशेष न्यायाधिकरणाने त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची व मालमत्ता जप्तीची शिक्षा सुनावली होती.

स्वातंत्र्योत्तर काळ :

स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये स्वतःचा प्रत्यर्पण कायदा केला आणि त्यात राजकीय गुन्ह्यांचा अपवाद मान्य केला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील आरोपी अबू सालेम याला २००५ मध्ये पोर्तुगालकडून भारतात आणण्यात आले. मात्र त्याला फाशी अथवा २५ वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी हमी भारताला द्यावी लागली. आरोपी मिळविण्याची किंमत शिक्षेच्या मर्यादेत मोजावी लागते, हे यातून स्पष्ट होते.

२०१८ चा कायदा :

विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये देशाबाहेर गेले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेचा गैरव्यवहार २०१८ च्या प्रारंभी उघड झाला, तेव्हा नीरव मोदी परदेशी पोहोचले होते. १२ मार्च २०१८ रोजी लोकसभेत फरार आर्थिक गुन्हेगार विधेयक मांडण्यात आले. एप्रिलमध्ये अध्यादेश निघाला आणि जुलैमध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले.

१०० कोटी रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या नमूद गुन्ह्यांत वॉरंट निघूनही जो परत येत नाही, त्याला विशेष न्यायालय फरार आर्थिक गुन्हेगार घोषित करू शकते. त्यानंतर त्याची देशातील व परदेशातील मालमत्ता सरकारजमा करता येते. आरोपी हजर झाल्यास ही कार्यवाही थांबते. मुंबईच्या विशेष न्यायालयाने ५ जानेवारी २०१९ रोजी मल्ल्या यांना आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी मोदी यांना असे घोषित केले.

तुलना :

१९१० मध्ये जप्ती दोषसिद्धीनंतर झाली. २०१८ च्या कायद्यात ती दोषसिद्धीपूर्वीच होऊ शकते. शिवाय अशा व्यक्तीला दिवाणी दावा चालविण्यास किंवा दाव्यात बचाव करण्यास मनाई करण्याचा अधिकारही न्यायालयास आहे. ही तरतूद कठोर आहे. तथापि तिच्यामागील प्रश्नही खरा आहे. आंधळगावसारख्या गावातील कोसा विणकराची बचत सार्वजनिक बँकेतच असते. त्याने कर्ज थकविले तर पळून जाण्यास त्याला परदेश नसतो. पळ काढणे हा साधनसंपन्नांचाच विशेषाधिकार ठरू नये, ही कायद्यामागील न्याय्य भूमिका होय.

निष्कर्ष :

१८८१ चा कायदा परकीय सत्तेच्या हाती राजकीय विरोधकाविरुद्धचे शस्त्र ठरला. २०१८ चा कायदा लोकनियुक्त संसदेने सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी केला. हेतू भिन्न असले तरी दोहोंतून एकच धडा मिळतो. फरारीविरुद्धच्या कायद्याचे मोल त्याच्या पोहोचीवर ठरत नाही. पकडलेल्या माणसाला निःपक्ष सुनावणी मिळते की नाही, यावर ते ठरते.